अंत्युखियाची पंगत

भास्कर जर्मनीत ट्युबिंगनला डॉक्टरेट कशावर करत होता, तर येशूचा शिष्य पेत्र याच्या पंगतीवर! सुंता न झालेल्या, यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर पेत्र अंत्युखियात खुशाल जेवायचा. यरुशलेमहून याकोबाची, यहुदी सोवळं कडक पाळणारी माणसं आली आणि हा भित्रा पंगतीतून उठला. पौलाने त्याला सगळ्यांदेखत झाडलं. त्या भित्रेपणावर भास्करने चाळीस पानं लिहिली होती, आणि ती टाइप कोणी केली? दिनकरने.

दिनकर श्टुटगार्टला इंजिनिअरिंगचा संशोधक. दोघेही नगरकडचे ख्रिस्ती. पण भास्करचे पणजोबा ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले, दिनकरचे महारवाड्यातले. इकडे परमुलखात कोण विचारतो? दर रविवारी चर्च सुटलं की भास्करच्या खोलीत दोघं एकाच ताटात जेवत.

बासष्टच्या मार्चमध्ये सुलेखाचे वडील श्रीपादराव चर्चच्या कसल्याशा सभेसाठी जर्मनीत आले आणि न कळवताच रविवारी भास्करच्या दारात उभे राहिले. सुलेखाशी लग्न ठरायचं की मोडायचं, ते या माणसाच्या हातात. भास्करने घड्याळाकडे पाहिलं; बारा वाजता दिनकर यायचा होता. आलाच तो, मटणाचं पातेलं घेऊन.

“गाव कोणतं तुमचं?” श्रीपादरावांनी विचारलं.

दिनकरने सांगितलं.

“गावात कुठे?”

असं का विचारतात, ते दिनकरला जन्मापासून ठाऊक होतं. “महारवाड्यात, काका,” तो म्हणाला.

श्रीपादराव हसले, अगदी सौजन्याने. “तुम्ही बसा हं. मला भूक नाही.”

दिनकरने भात-रस्सा वाढला, ताट मधोमध ठेवलं आणि भास्करकडे पाहिलं. अहो, नुसता एक घास घ्यायचा होता! पण भास्कर म्हणाला, “माझंही आज पोट बरं नाही रे.”

दिनकर एकटाच बसला. शेवटच्या शितापर्यंत सावकाश जेवला. भास्कर खिडकीशी उभा. भूक लागलेली, आणि लाजही वाटत होती. दिनकरने ताट धुतलं, पातेलं उचललं. “तब्येतीला जप,” एवढंच बोलला आणि गेला.

जिन्यावर त्याची पावलं वाजत होती तोवर धावत गाठता आलं असतं. भास्कर जागचा हलला नाही.

“बरं वाटलं,” श्रीपादराव म्हणाले. “मला उगाच धास्ती होती, इकडे येऊन तू घरची रीत विसरलास की काय. डिसेंबरातली तारीख धरू.”

“थँक यू, काका,” भास्कर म्हणाला.