सातजणांचा निवाडा

कमळाच्या मते या प्रकरणात बसण्यासारखं काही नव्हतंच. जंगलातली आग डोमाच्या मोहाच्या झाडाखाली भडकली, म्हणजे लावली डोमानंच. ग्रामसभेचे अध्यक्ष लटारूभाऊ तर सकाळीच निकाल देऊन मोकळे झाले असते, आणि डोमाच्या घरादाराला यंदा मोह, तेंदू काही वेचायची बंदी झाली असती. पण गावाची रीत आडवी आली. शिक्षा द्यायची तर सातजणांनी बसायचं आणि सातांचं एकमत व्हायचं. त्या सातांत कमळाही होती.

डोमा समोर मान खाली घालून बसला होता. कमळा मनात म्हणाली, चोरच. मान वर असती तर म्हणाली असती, मस्ती बघा याची. गेल्या वर्षी झाडांच्या हद्दीवरून दोन घरांचं वाजलं होतं. तेव्हापासून तो साधा खोकला तरी तिला त्यात डाव दिसायचा.

"कोनाले काय वाटते ते नोका सांगू," सातांतली सुगंधाबाई म्हणाली. "डोळ्यानं पाह्यलं तेवढं सांगा. डोमाच्या झाडाचा मोह कवाच सरला. माह्या शेळ्या तिथीच चरतात. मंग तो पाला काऊन जाळन?"

बरोबरच होतं. पडलेली फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला झाडून जाळायचा आणि राख थंड होईस्तोवर तिथून हलायचं नाही, हे घराघराचं काम. फुलंच नसताना एवढा खटाटोप कोण करणार?

सातांतलाच पत्रू म्हणाला, "बाजूच्या झाडाखाली मले राख दिसली. तिथून डोमाच्या झाडापावत गवत जळून हाय."

बाजूचं झाड कमळाचं. नाव कुणी घेतलं नाही, पण नजरा वळल्या. डोमानं सगळ्यांना फितवलंय, तिला वाटलं.

"माह्याकडं काऊन पाहून राह्यले? आमी सकाळी जाळला पाला. इझवला बी!"

"कोनं इझवला?" सुगंधाबाईनं विचारलं.

"आमच्या मानसानं," कमळा बोलली आणि थांबली. आग लागली त्या दिवशी एटापल्लीचा बाजार होता. पाला पेटवून ती भात टाकायला पुढं घरी आली होती. भात शिजायच्या आत तिचा नवरा धनराज घरी हजर; सदरा बदलून बाजाराच्या जीपमध्ये बसलासुद्धा. लवकर आला म्हणून तिला बरंच वाटलं होतं. एवढ्या पाल्याची राख इतक्यात थंड झाली?

"डोमा नाई," एकेक करत सहाजण म्हणाले. आता तिची पाळी. ती "डोमाच" म्हणाली असती तर निवाडा अडला असता, आणि डोमा जन्मभर संशयात राहिला असता. धनराजला कुणी पाहिलं नव्हतं.

"डोमाभाऊ नाई," ती म्हणाली. "आमच्या मानसानं राख थंडी होऊ देल्ली नाई. बजारात गेला."

लटारूभाऊ ताडकन उठले. "मंग धनराजले बंदी. झालं!"

कमळानं हात जोडले. "भाऊ, एकट्यानं नोका ठरवू. त्याच्यासाठी बी सातजनं बसा. आन माह्या जागी डोमाभाऊले बसवा."