जुवीसंग बोलायचं नाई

हे लिहिनारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा खोडलं. शाकीबनं वाचलं तं त्याले वाईट वाटन. पन राहावत नाई.

शाकीब माहा लायनपनचा दोस्त. जठारपेठेत आमचं दोघाचं कूलर दुरुस्तीचं दुकान हाय. वरच्या माळ्यावर त्याचं घर. पोरगी जुवेरिया, आमची जुवी, तीन वर्षाची.

ह्या पोट्टीचं काय होतं, दादीसंग उर्दू अन् माह्यासंग वऱ्हाडी. कधी चुके नाई. "दादी, पानी दो ना," म्हने, अन् लगेच माह्याकडे तोंड फिरवून, "विपुल, तुले पाह्यजे का गा?" दादी, म्हंजे शाकीबची माय रजियाबी चाची, पदर तोंडाले लावून हसे.

मंग इंग्लिश नर्सरीत इंटरव्यू झाला. मॅडमनं इंग्लिशमंदी नाव विचारलं. जुवी म्हने, "तू सांग ना वं पह्यले!"

मॅडम काई हसली नाई. शाकीबले म्हने, दोन-दोन भाषेनं लेकराचं डोकं गोंधळते, घरी फक्त इंग्लिश बोला, पुढच्या महिन्यात पुन्हा आना.

तवापासून जुवीची माय महेजबीन भाभी मोबाइलात पाहून "कम, ईट, सिट" करते. चाचीले इंग्लिश येत नाई, म्हनून चाची गप. नातीच्या डोक्याले तेल लावते, पन तोंडातून शब्द नाई. अन् जुवी? तहान लागली का माठाकडे बोट दाखवते. बस.

मी म्हनलं, "अबे शाकीब, लेकरं दोन भाषा आरामात शिकते. म्या वाचलं. तू नाई शिकला का?"

"शिकलो ना. मंग? कूलरच दुरुस्त करून राह्यलो ना! अन् तू बारावी नापास, थे मॅडम. कोनाचं आयकू, सांग?"



काल जुवी पायऱ्या उतरून खाली आली. माहा पाना उचलला अन् पाठीमागं लपवला. हा आमचा रोजचा खेळ. मी म्हनो, "पाना कोनं चोरला वं?" अन् थे वरडे, "म्या चोरला गा!"

मी कवा इचारतो म्हनून माह्या तोंडाकडे पाहत उभी राह्यली.

शाकीब मोटर सोडून उठला. "यार, हात जोडतो. अॅडमिशन होऊ दे. तवरोक तिच्यासंग बोलू नको."

जुवी अजून पाहूनच राह्यली होती.

"नाई बोलत, शाकीब," मी म्हनलं. "कबूल."