खडकवस्तीची मोजणी

खडकवस्तीची एसटी चालू राहिली तर हरणाबाईच्या पदरात एकच गोष्ट पडणार होती: आपल्याच उंबऱ्यात म्हातारं व्हायला मिळणार होतं. आता पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईचं म्हातारं व्हायचं कितीसं शिल्लक असणार! पण जे होतं, ते तिला कराडला लेकाच्या तिसऱ्या मजल्यावर घालवायचं नव्हतं. मल्हारनं सरळ सांगून टाकलं होतं, "आये, म्हसवडची एसटी हाय तवर ऱ्हा. बंद झाली की गुमान चल. हितं औषध आणायला बी कोण न्हाई तुला."

आणि एसटीचं काही खरं नव्हतं. निम्मी खडकवस्ती मेंढरांमागं ऊसपट्ट्यात, उरलेली पोरं कराड-रहिमतपूरला कामाला. माणसं नाहीत म्हणून एसटी रिकामी, आणि एसटीचा भरवसा नाही म्हणून माणसं टिकत नाहीत.

तेवढ्यात कळलं की डेपोचा साहेब सोमवारच्या गाडीनं येणार, माणसं मोजणार, मग काय ते ठरणार. तात्याबाला चेव आला. फौजेतून सुटून त्याला जमाना झाला होता, पण माणसं रांगेत उभी केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्यानं फोनचा सपाटा लावला. "मोजणी हाय. मेंढरं द्या कुणाच्या तरी हवाली, पर या!"

हरणाबाईनंही मल्हारला फोन केला. "ये रं बाबा. एक डोकं वाढंल."

सोमवारी वस्ती अशी भरली की जत्रेलाही भरत नसे. लिंबाखाली पिकअप, मोटारसायकली, मल्हारची नवी कोरी पांढरी गाडी. एसटीला वळायला जागाच उरली नाही. ती फाट्यावरच थांबली. साहेबाला चालायला लागू नये म्हणून मल्हारनंच त्याला आपल्या गाडीत घालून आणलं. एसी लावून.

"मोजा साहेब," रांग लावून तात्याबा म्हणाला. "कडंवर हायती ती पोरं बी धरा."

साहेबानं रांग बघितली, मग लिंबाखालच्या गाड्या बघितल्या. दमलेला माणूस होता. अशा वाड्या फिरून फिरून चेहरा धुळीच्या रंगाचा झालेला. "अहो, मी खानेसुमारीला नाही आलो. एसटीत बसणारे मोजायचेत. म्हसवडला कोण कोण येतंय?"

रांग एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली.

"मी कशाला बसू? माझी पिकअप हाय की."

"अन् माझी मोटारसायकल हितंच ठिवू व्हय?"

"आरं बसा की रं गड्यांनो, एकदा तरी!" तात्याबा कळवळला. पण मेंढरं परक्याच्या हवाली होती, कुणाची रजा अर्ध्याच दिवसाची होती. एकेक गाडी चालू झाली.

हरणाबाईनं पिशवी उचलली आणि फाट्याची वाट धरली. साहेबाला सोडायला निघालेल्या मल्हारनं तिच्याजवळ गाडी थांबवली. "बस आये, सोडतो."

"तुझ्या गाडीत बसले तर मोजणीत येत न्हाई मी."

एसटीत कंडक्टरनं विचारलं, "आज्जी, म्हसवडला काय काम काढलं?"

"काम न्हाई. बसायचं हाय."

साहेबानं तिच्याकडं बघितलं, आणि मान खाली घालून तिला मोजलं. मोजायला दुसरं कुणी नव्हतंच.

महिनाअखेरीला एसटी बंद झाली. मल्हार दिल्या शब्दाला जागला आणि गाडी घेऊन आला. हरणाबाईनं दाराला कुलूप घालून किल्ली तात्याबाच्या हातात दिली.

"वैनी, परत कवा?"

"एसटी सुरू झाली की."

तात्याबाला एक परेड मिळाली. डेपोची एक फेरी वाचली. मल्हारची काळजी मिटली, आणि बाकीच्यांची गावाकडं एक चक्कर झाली. त्या सोमवारी कंडक्टरनं हरणाबाईला शून्याचं तिकीट फाडलं होतं, कारण पंचाहत्तरीच्या पुढं प्रवास फुकट असतो. सगळ्या खडकवस्तीचं भाडं भरलं, ते मात्र तिनंच.