मापाचा कोट

चष्म्याच्या दुकानात तिने एकोणीस वर्षं मागच्या खोलीत काढली. काचा घासायच्या, फ्रेमच्या आकारात कापायच्या, बारीक स्क्रू आवळायचे. गिऱ्हाइकांशी संबंध काय तो नंबराच्या चिठ्ठीपुरता. मग पुढे काउंटरवर बसणारी बाई नोकरी सोडून परगावी गेली आणि मालकांनी हिला बोलावलं.

"उद्यापासून तुम्ही पुढे बसा. कुणाला कुठली फ्रेम शोभेल, याची तुमची नजर चांगली आहे," ते म्हणाले. मग टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडे करत त्यांनी पुस्ती जोडली, "फक्त जरा... म्हणजे लोक आधी आपल्याकडे बघतात, मग फ्रेमकडे."

मालक सज्जन माणूस. एवढं बोलायची जुळवाजुळव ते आठवडाभर करत असणार. ती "बरं" म्हणाली, आत गेली आणि एप्रन काढून ठेवला. एप्रनखाली बहिणीचा शर्ट होता.

बहिणीचा शर्ट, बहिणीची पँट, बहिणीचे स्वेटर. शेहेचाळीस वर्षांत तिच्या अंगावर जे चढलं, ते बहुतेक सगळं आधी बहिणीच्या अंगावरून उतरलेलं. थोरलीला घरात राणी म्हणायचे आणि हिला छकू. राणी चार वर्षांनी मोठी, वीतभर उंच, खांद्यांनी रुंद. लहानपणी परिस्थिती बेताची, म्हणून कपडा एकीलाच नवा शिवायचा आणि तोच पुढे दुसरीला, असं आई सांगायची. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, छकूलाही नाही. राणी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, तिच्याकडे सगळं भरभरून झालं, तरी ही पद्धत सुटली नाही. वर्षातून दोनदा एक गच्च भरलेली पिशवी यायची. फिकट गुलाबी, पिस्ता, आकाशी. राणीला खुलणारे रंग. छकू बाह्या दुमडायची, कमरेला पिन टोचायची आणि घालायची.

काउंटरवरच्या पहिल्याच दिवशी तिची पंचाईत झाली. दुकानात चारही भिंतींना आरसे. जिकडे मान वळवावी तिकडे एक बाई उभी. खांद्याची शिवण दंडावर घसरलेली, कॉलर गळ्यापासून फटकून, आणि त्या पिस्ता रंगात चेहरा असा की आजारातून उठून आली असावी. मागच्या खोलीच्या दारातून ती वर्षानुवर्षं पुढच्या बाईला हळूच सांगायची, "त्यांना गोल देऊ नकोस, चेहरा आधीच गोल आहे." दुसऱ्यांच्या नाकाडोळ्यांवर इतकी बारीक नजर. स्वतःवर ती कधी टाकलीच नव्हती.

पहिल्यांदा ती स्वतःच्या मनाने बाजारात गेली आणि मोहरीच्या रंगाचा एक ब्लाउज घेऊन आली. नवरा म्हणाला, "कावीळ कधी झाली?" तो ब्लाउज कपाटात गेला तो गेलाच. मग दुकानाच्या पलीकडच्या गल्लीत कपड्यांची दुरुस्ती करणारी एक शिंपीण होती, तिच्याकडे छकू राणीचे दोन शर्ट घेऊन गेली. शिंपीण साठीची, तोंडात टाचण्या धरून बोलणारी.

"हे कुणाचं?"

"माझंच."

"तुमचं नाही हे," ती म्हणाली. "उसवून काही व्हायचं नाही याचं. नवीन शिवा. हात खाली सोडा. श्वास धरू नका."

टेप खांद्यावर टेकली तेव्हा छकूच्या अंगावर काटा आला. शिंपिणीने डाव्या खांद्यावर बोट ठेवलं. "हा जरासा उतरलाय. वाकून करायचं काम दिसतं. असू दे, आपण आतून सांभाळून घेऊ." आपलं माप असं असतं, आणि ते कुणी कागदावर लिहून ठेवतं, ही गोष्ट छकूला त्या दिवशी कळली.

वर्षभर ती शिकत राहिली. बाही मनगटाच्या हाडाशी थांबली की हात नीटस दिसतो. गळ्याशी उभी रेघ आली की मान लांब वाटते. आपल्याला फिकं चालत नाही. विटकरी, शाईसारखा निळा, गडद हिरवा चालतो. कपडे थोडेच, पण आपले. चुकाही झाल्या. एक घोळदार स्कर्ट तिने दोनदा घातला आणि मालकांच्या बायकोला देऊन टाकला. रस्त्याने जाताना ती बायकांच्या खांद्यांकडे बघायची. "आरसा भाड्याने घेतलायस का, किती वापरतेस," नवरा म्हणायचा, पण एकदा त्यानेही जाता जाता विचारलं, या शर्टावर कुठली पँट घालू. थंडी सुरू होताना शिंपिणीने तिला गडद हिरव्या लोकरी कापडाचा कोट शिवून दिला. तो अंगात घालून ती चालायला लागली आणि तिच्या लक्षात आलं, की आपण ताठ चालतोय.

आई पंधरा मिनिटांवर राहायची. दिवसा सांभाळायला एक बाई होती. रविवार आणि बुधवारची दुपार तिची सुटी, तेव्हा छकूची पाळी. आईच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग गेला होता. समोर बसलेल्याचा चेहरा म्हणजे तिला नुसता डाग. कडा दिसायच्या. आकार, रंग, चालण्याची ढब, एवढ्यावरून ती माणूस ओळखायची. याला चष्मा नसतो, हे छकूइतकं कुणाला ठाऊक? आवाजाची मदत व्हावी, तर दोघी बहिणींचे आवाज इतके सारखे, की फोनवर राणीचा नवराही फसायचा.

आईकडे जाताना छकू नवे कपडे घालायची नाही. तिथे आंघोळ घालायची, फरशी पुसायची. दाराआड राणीचा एक जुना राखाडी स्वेटर टांगलेला असे, तो चढवायचा आणि कामाला लागायचं. पण त्या बुधवारी दुकानातून निघायला उशीर झाला आणि ती कोटासकट थेट खोलीत शिरली.

आईने मान वर केली. दोन क्षण बघत राहिली आणि मग तिचे दोन्ही हात पुढे आले.

"आलीस? आधी कळवायचंस तरी. किती दिवसांनी गं राणी."

छकूला वाटलं, चेष्टा करतेय. पण आई चेष्टा करणाऱ्यातली नव्हती, आणि छकूसाठी तिचे दोन्ही हात कधी पुढे आले नव्हते. ती सांगणार होती. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात आईने तिला ओढून शेजारी बसवलं आणि तिचा हात मांडीवर घेतला.

"छकू येते ना गं नीट?" छकूने विचारलं. का विचारलं, तिचं तिलाच कळलं नाही.

"येते की. गोळ्या भरून ठेवते, घर पुसते. तिची तक्रार नाही." आई तिचा हात थोपटत म्हणाली, "पण ती आली की घरात कुणी आल्यासारखं वाटत नाही. तू आलीस की वाटतं."

आईची बोटं कोटाच्या बाहीवरून फिरत होती. "कसा अंगाबरोबर बसलाय. तुला पहिल्यापासून शोभायचं. तो निळा कोट आठवतो? तुझे बाबा दोघींचं कापड घेऊन आले होते. एकसारखे शिव म्हणाले. मी शिंप्याला म्हटलं, मोठीचाच कर, पण चांगला घेरदार कर, अस्तर लाव, वर टोपी कर. सगळं कापड लागलं त्याला."

"आणि छकूला?"

"तिला म्हटलं, पुरलं नाही. तिच्या अंगावर काय, खुंटीला अडकवल्यासारखं दिसायचं सगळं. ते आपले दर वर्षी दोघींचं आणायचे. शेवटी मीच सांगितलं, एकीचंच आणत जा, पण भारी आणा."

"ती रडली नाही?"

"ती कशाला रडतेय? गुणाची आहे ती."

छकू अर्धा तास बसली. राणीच्या मुलांची चौकशी झाली, तिला माहीत होतं ते तिने सांगितलं. मग "येते" म्हणून उठली. जिना अर्धा उतरल्यावर तिला आठवलं, आठवड्याच्या गोळ्या भरायच्या राहिल्या. ती परत वर आली, दारातच कोट काढला, दाराआडचा राखाडी स्वेटर घातला आणि पाय जरा ओढत आत गेली.

"आई, मी छकू."

"आत्ताच राणी येऊन गेली. जिन्यात भेटली असेल."

"भेटली."

"काय छान दिसत होती."

"हो."

तिने सात खणांत सात दिवसांच्या गोळ्या भरल्या, दोन कप विसळले, आणि कोट हातावर टाकून घरी आली. तशा थंडीत तो तिने अंगात घातला नाही.

दुसऱ्या दिवशी राणीचा फोन आला. "आई म्हणते मी काल आले होते. भ्रम व्हायला लागलाय की काय तिला?"

"मी नवा कोट घातला होता. तिला तू वाटलीस."

राणी हसली. "मग सांगितलं नाहीस?"

"नाही. तो निळा कोट होता ना तुझा, त्याचं कापड दोघींचं होतं. ठाऊक होतं तुला?"

पलीकडचं हसू थांबलं. मग राणी म्हणाली, "शिंप्याकडे आईबरोबर मीच गेले होते. दहा वर्षांची होते मी, छकू."

"नंतर पन्नासची झालीस."

"म्हणून तर पाठवत राहिले ना? चांगले चांगले कपडे काढून द्यायची मी तुला."

"नको असलेले."

"तू कधी नको म्हणालीस?"

खरंच ती कधी नको म्हणाली नव्हती. तिने फोन ठेवला.

महिन्याने राणी आली. ती येणार म्हणून छकूही गेली होती, त्याच हिरव्या कोटात. दोन वर्षांत बहीण ओळखू येईना अशी झाली होती. गुडघे गेलेले, अंग सुटलेलं. ढगळ शर्ट, पायात जाड तळाचे बूट, आणि चाल एका बाजूला झुकणारी. छकू दाराशीच थांबली. राणी पलंगापाशी गेली.

"छकू, पाणी दे गं," आई म्हणाली.

"आई, मी राणी."

"राणी अशी चालत नाही. उगीच चेष्टा करू नकोस. दे पाणी."

राणीने वळून बहिणीकडे बघितलं. एक शब्द पुरला असता. छकूने तो उच्चारला नाही. भिंतीला टेकून ती उभी राहिली. राणी स्वयंपाकघरात गेली, तिने तीन कपाटं उघडली, पेला कुठे असतो तिला माहीत नव्हतं. शेवटी चहाच्या कपात पाणी घेऊन आली. "आज कप कशाला?" आई कुरकुरली, आणि पाणी पिऊन तिने कप न बघता तसाच पुढे धरला, छकूपुढे नेहमी धरायची तसा.

जाताना राणी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. तिचे डोळे लाल होते. "झालं समाधान?" तिने विचारलं.

होईल असं छकूला वाटलं होतं. खाली टॅक्सी येईपर्यंत ती वाट बघत राहिली, आत कुठे काही हलतंय का. काही हललं नाही.

त्यानंतर ना पिशवी आली, ना फोन. दुकानात छकूचं नाव झालं. गिऱ्हाइकं फ्रेमबरोबर हेही विचारतात, की हा शर्ट तुम्ही कुठे शिवला, आणि ती शिंपिणीचा पत्ता लिहून देते. परवाच तिने एक गडद लाल कापड शिवायला टाकलं. हौस काही मेली नाही. आईकडे मात्र ती त्यातलं काही घालून जात नाही.

गेल्या रविवारी ती आईची नखं कापत होती. आईने कापून झालेली बोटं चाचपून बघितली. मग म्हणाली, "राणी पुन्हा आली नाही. तू काही बोललीस का तिला?"

"बोलले," छकू म्हणाली.

"वाटलंच मला," आई म्हणाली आणि दुसरा हात पुढे केला. "जपून काप. मागच्या खेपेला लागलं होतं."