गॉझविन हरला, पण हलला नाही

अरे, सकाळी होतात कुठे तुम्ही? अख्खं पॅरिस लोटलं होतं! आपल्या गॉझविनचा विद्यापीठात जाहीर वाद होता ना. विषय काय, तर 'श्रद्धेची खात्री डोळ्यांनी पाहिल्यापेक्षा पक्की'. आणि ते त्याने सिद्ध करायचं, खोडून काढायला समोर वर्गातला अमोरी! त्यात गॉझविनचे मामा लिएजहून आलेले, खेचर बाहेर बांधून. हरला तर तस्साच गावी, मामांच्या हाताखाली कातडी कमावायला!

बिचारा वर्गात बसायला अंथरलेल्या पेंढ्यावर उभा, कान लालबुंद. तीन सिद्धता मांडल्यान्. अमोरीने तिन्ही पाडल्या, अक्षरशः जांभया देत!

मग अमोरीच विचारतो, "ती खिडकी दिसते का रे?"

"दिसते."

"तिच्याबद्दल शंका?"

"छे."

"आणि स्वर्गाबद्दल? कधीच नाही आली? खरं सांग हं."

"आली की. परवाच, तापात."

काय हसले सगळे! मामांनी डोळेच मिटून घेतले.

निकाल देणारे एव्रार गुरुजी म्हणाले, "उत्तर नसेल तर रीत माहितीये ना? 'सोडलं' म्हण आणि खाली बस."

मी मागून त्याचा झगा ओढतोय, बस रे बाबा! आणि हा म्हणतो, "उत्तर नाही गुरुजी. पण सोडत नाही."

"म्हणजे काय?"

"भूमितीत माझ्या तिन्ही सिद्धता अशा पडल्या असत्या ना, तर केव्हाच 'सोडलं' म्हटलं असतं. इथे एकही उरली नाही, तरी मी आहे तिथेच आहे! डोळ्यांची खात्री वेगळी, धरून राहण्याची वेगळी. आणि ही दुसरी किती घट्ट असते, ते अमोरीनेच दाखवलं की आत्ता."

अमोरी उसळला, "मग अडून बसलेलं गाढवही मोठं श्रद्धाळूच म्हणायचं!"

"गाढवाला तू विचारलंस का कधी? मला विचारलंस. शंका आली, तीही सांगितली. सगळं ऐकून घेतलं आणि तरी 'हो' म्हणतोय."

आणि... अमोरीच खाली बसला! शप्पथ!

गुरुजी दाढीत हसत होते. म्हणाले, "सिद्धता तिन्ही भिकार होत्या, पोरा. उत्तर मात्र मान्य." मग मामांकडे वळले, "काय करता, नेताय का याला?"

मामांनी एक लांब सुस्कारा सोडला. "नेऊन काय करू? अगदी आईवर गेलाय. तीसुद्धा प्रत्येक भांडण हरते, आणि शेवटी होतं तिच्याच मनासारखं. राहू दे इथेच!"