तोंग मास्तरांनी उठवलेली बॅटरी

मी एक जुनी बॅटरी आहे, विजेच्या सायकलची. मित्रांनो, माझी गोष्ट जवळ बसून ऐका, पण मला हात लावू नका. आणि बसण्याआधी दार तेवढं उघडून ठेवा.

चीनमधल्या वूशी शहरातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पोटात बावन्न सेल, चार-चारांच्या तेरा तुकड्या. त्यांच्यावर राखणीला एक छोटी सर्किटची पाटी बसवली होती. ती आमची वडीलधारी. कुणी जास्त भरलं किंवा फार रिकामं झालं की ती सरळ विजेची वाट बंद करी. तेव्हा तिचा जाच वाटे. आज तिची फार आठवण येते.

घरोघरी जेवण पोचवणाऱ्या सूछिनने मला विकत घेतलं. तीन वर्षं मी तिच्याबरोबर गरम शेवयांचे डबे वाहिले. "माझी बॅटरी म्हणजे गाढवीण आहे, थकतच नाही!" असं ती चारचौघांत सांगायची. मी मनातून फुलून जायची.

मग ती वसंताच्या सणाला गावी गेली आणि तिथे तिच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. चार महिने मी जिन्याखाली उपाशी पडून होते. माझं पार रितं झालेलं अंग पाहून पाटीने वाट बंद करून टाकली. हिला आता कुणी भरू नये, हे तिला कळलं होतं. माणसांना कळलं नाही.

सूछिन परतली ती वडिलांना घेऊनच. सहाव्या मजल्यावर एक खोली, खोलीला एकच दार. म्हातारा भिंत धरून चार पावलं टाकी, तेवढंच. दुसऱ्याच दिवशी तिने मला पुलाखालच्या तोंग मास्तरांच्या टपरीवर नेलं.

"मेली का हो मास्तर?"

"मेलेल्यांनाच तर मी उठवतो. देवळापेक्षा माझ्याकडे गर्दी जास्त असते, बघ."

मास्तरांनी मला उघडलं आणि सेलना थेट वीज पाजली. सातव्या तुकडीत काहीतरी टोचू लागलं, बारीक केसासारखं. पाटी पुन्हापुन्हा वाट बंद करू लागली, तेव्हा मास्तरांनी तिला वळसा घालून एक तार जोडली. "कुरकुऱ्या म्हातारीला झोपू दे जरा," म्हणाले.

मास्तर वाईट नव्हते. त्यांचा एक नियम होता. उठवलेल्या बॅटरीवर खडूने तारीख लिहायची आणि पंधरा दिवस नुसती ठेवून रोज मोजायची. जी तुकडी आपोआप उतरेल, ती काढून टाकायची. माझ्यावरही त्यांनी तारीख लिहिली.

"पंधरा दिवस?" सूछिनचा आवाज चढला. "इतके दिवस सायकल उभी राहिली तर कामावर माझं नाव तरी राहील का? बाबांना खायला काय घालू, तुमचा खडू?"

मास्तर डोकं खाजवत राहिले. मग त्यांनी अंगठ्याने तारीख पुसली. "ने. पण खाली अंगणातच भर. घरात नेऊ नकोस."

"हो हो," सूछिन म्हणाली.

अंगणातली भरायची जागा कधी रिकामी नसे. लिफ्टमधला कॅमेरा सायकल किंवा बॅटरी दिसली की ओळखतो आणि दारच मिटू देत नाही, म्हणून ती मला तांदळाच्या पिशवीत घालून वर नेई. शेजारच्या फू मावशी डोळे मिचकावत.

"काय गं, आज तांदूळ फारच जड?"

"तुमच्या पिशवीतला शिजला का मावशी?"

दोघी हसत. मावशींच्या पिशवीतला तांदूळ माझ्याच जातीचा होता. अख्ख्या इमारतीत असा किती तांदूळ भरत असेल, या विचाराने मला धडकी भरे.

विजेचा खटका दाराशी, म्हणून मी दाराशी. बाहेर पडायचं तर माझ्यावरूनच. आणि आत तो म्हातारा. मी ओरडू शकत नव्हते. रोज थोडी जास्त तापत होते, एवढंच.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका दुपारी सातवी तुकडी फुगली, उलली आणि तिच्यातून गोडसर वास झिरपू लागला. म्हाताऱ्याचं आयुष्य नासपतीच्या बागेत गेलेलं. तो पेज खाता खाता थांबला.

"पोरी, नासपती आणल्यास?"

"कुठून आणू बाबा? हा काय मोसम आहे?"

"तेच म्हणतोय मी. मोसम नाही, आणि पिकलेला वास कसला येतोय?"

सूछिनने हुंगलं. माझ्यावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. तिने वायर उपटली, मला कढईत लोटून उचललं आणि सहा मजले जिन्याने धावली. अंगणातल्या वाफ्यात मला फेकलं तेव्हा मी धुराचा एक लोट ओकले. कुणी भाजलं नाही. वर दारातून सज्जात येऊन, कठडा धरून म्हातारा उभा होता. त्याला पाहून ती मातीतच बसून रडली.

दुसऱ्या दिवशी तिने मला मास्तरांच्या पुढ्यात आपटलं. "माझा बाप दाराआड होता, मास्तर!"

मास्तर मागच्या फळीकडे वळले. त्यांनी तिला महिनाभर ठेवून मोजलेली दुसरी बॅटरी दिली. ती गेल्यावर त्यांनी माझी सातवी तुकडी काढून वाळूत पुरली. बाकीचे सेल मोजून म्हणाले, "हे चांगले दिसतात."

दिसतात. धग त्यांनाही लागली होती.

त्या सेलची वाटणी होऊन मी तीन नव्या बॅटऱ्यांत गेले. वरून कोरं निळं वेष्टण आणि खडूने तारीख. या खेपेला मास्तर पंधरा दिवस थांबणार, अशी माझी खात्री होती. सहाव्या दिवशी एक बाई आली. "मास्तर, आजच हवी. घरी लेकरं आहेत." मास्तरांनी एकदा वाळूकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. आणि अंगठा उचलला. उरलेल्या दोन्हीही अशाच गेल्या.

मित्रांनो, आता मी तीन घरांत आहे. कुणाच्या, ते मला ठाऊक नाही. पण माझी जागा मात्र पक्की ठाऊक आहे: दाराशी. तुमच्या दाराशी निळी बॅटरी भरत असेल, तर तिच्यावरची तारीख बघा. पुसलेली असेल, तर वायर काढा आणि मला बाहेर ठेवून या. मोसम नसताना नासपतीचा वास येण्याची वाट बघू नका. सगळ्यांच्या घरात तो वास ओळखणारा म्हातारा नसतो.