सदफची मोरपंखी खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. तुमच्या घरात असते तसली नव्हे. माझी पाठ भिंतीच्या कोपऱ्यासारखी मधोमध दुमडलेली आहे. ज्या मुलाला स्वतःचं अंग सावरता येत नाही, त्याचे खांदे माझ्यात दोन्ही बाजूंनी पुढं येतात आणि मान वर राहते. छातीला पट्टा, समोर फळी, आणि अंगभर रिक्षाचं रेक्झिन.

मैथिलीमॅडम आमच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून आल्या, तेव्हा त्यांना मी मुळीच आवडले नव्हते. त्या मूळच्या कोल्हापूरच्याच, पण शिक्षण सगळं बाहेर. शेवटची काही वर्षं तर इंग्लंडात, आमच्यासारख्या शाळेतल्या मुलांना कसं शिकवायचं हेच शिकण्यात गेली. त्यांना वाटलं होतं, अंधाऱ्या खोलीत सतरंजीवर मुलं पडून असतील, कुणी त्यांच्याशी बोलत नसेल, आणि आपण जाऊन खिडक्या उघडू.

दारात आल्या तर खिडक्या उघड्याच होत्या. रेडिओ मोठ्यानं चालला होता. आमच्या अंबूबाई मावशी एकाला मऊ भात भरवत होत्या आणि दुसऱ्याला दम देत होत्या. मधोमध मी, मोरपंखी रंगाची, सोनेरी किनारीची. माझ्यात बसलेली सदफ खदखदून हसत होती.

"कोण पावणं? आत या की. चप्पल तिकडं काढा," अंबूबाई म्हणाल्या.

"मी नवीन मुख्याध्यापिका."

"व्हय? मग तर काढाच."

मॅडमनी चप्पल काढली आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या माहितीतल्या खुर्च्या राखाडी आणि गंभीर असायच्या.

"हे रिक्षाचं आहे का?" त्यांनी विचारलं.

रिक्षाचंच. माझा जन्म शाहूपुरीतला. सुतारानं सांगाडा केला आणि गादी घालायला मला इकबालभाईंच्या दुकानात आणलं. त्यांचा धंदा रिक्षा सजवायचा. कोल्हापूरची रिक्षा म्हणजे नवरीच, हे तुम्हाला सांगायला नको. सदफ त्यांची सख्खी भाची, त्यांची बहीण सलमा हिची मुलगी. तेव्हा सात वर्षांची. शाळेनं साधं तपकिरी कापड दिलं होतं, ते त्यांनी बाजूला सारलं. "भाची माझी हाय. चार लोकांनी वळून बघितलं पायजे," म्हणाले, आणि मोरपंखी रेक्झिनचा सगळ्यात भारी तागा खाली काढला.

पहिल्या दिवशी सदफ माझ्यात बसली तेव्हा तिचं डोकं छातीवर पडलं होतं. रोज थोडं थोडं ते वर येत गेलं. एका सकाळी तिनं मान उचलून समोरच्या खिडकीतून रस्त्यावरची म्हैस पाहिली आणि इतकी हसली, की मी मुळापासून हलले. तिच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा डाग माझ्या पाठीवर पडला, तो अजून आहे. ती वाढली तशी मीही वाढले. इकबालभाई येऊन मापं घ्यायचे, पाठ उंच करायचे. जुना रंग बाजारात मिळेना, म्हणून वरचा भाग केशरी झाला.

मॅडमनी आल्या आल्या शाळा उलटीपालटी केली नाही. काही दिवस त्या नुसत्या जमिनीवर बसून पाहत राहिल्या. मग एक दिवस सगळ्यांना बोलावून म्हणाल्या, "मुलांवर तुमचा जीव आहे. पण त्यांना कुणी काही विचारत नाही. उद्यापासून विचारल्याशिवाय कुणाच्याही तोंडात घास जाणार नाही."

"इचारायचं काय त्यात? बोलतंय व्हय कोण?" अंबूबाई म्हणाल्या.

सदफला हातपाय हवे तसे हलवता यायचे नाहीत, शब्दही फुटायचा नाही. पण डोळे तिचे होते. मॅडम रोज माझ्यासमोर मांडी घालून बसायच्या. हो म्हणायचं तर डोळे वर, नाही म्हणायचं तर डोळे मिटायचे. शिक्षकांना वाटायचं, यात वेळ फार जातो. मॅडमनी जेवणाची सुट्टी वाढवली आणि प्रार्थना आखूड केली. त्यावरून कुजबुज झाली, पण त्या हटल्या नाहीत.

मग एका दुपारी अंबूबाई वाटी घेऊन आल्या. "सदफ, शिरा?"

सदफनं डोळे मिटले.

"झोप आली जणू. अगं, शिरा!"

पुन्हा घट्ट मिटले.

"इतकी वर्षं भरवतो मी तुला! आवडत न्हवता व्हय?"

डोळे मिटलेलेच.

अंबूबाई रुसल्या. पण दोनच दिवसांनी घरून डबीतून लसणाची चटणी आणली आणि भातात चिमूटभर कालवली. सदफचे डोळे असे वर गेले, की आता कपाळातच शिरतात! "तिखट पायजे व्हय, भवाने!" म्हणून अंबूबाईंनी तिचा मुका घेतला. त्या दिवसापासून अंबूबाई सगळ्यांना विचारू लागल्या, अगदी संस्थेच्या अध्यक्षांना, आण्णांनासुद्धा: "चा पायजे का नको, आधी सांगा."

फार छान दिवस होते ते.

काल सदफचा निरोप समारंभ झाला. आमच्या शाळेत अठरा वर्षांपर्यंतच येता येतं, आणि सदफ अठरा वर्षांची झाली. मॅडमनी मोठ्या हौसेनं सगळं केलं. तिला नवा ड्रेस घातला, ओवाळलं, फोटो काढले. मग भाषणाला उभ्या राहिल्या. "आपली सदफ आता नव्या प्रवासाला निघाली आहे..."

"कुठल्या परवासाला, मॅडम?"

सदफची आई, सलमा, उभी राहिली होती. चिडलेली नव्हती, नुसती थकलेली होती.

"उचगावच्या घरातनं उचलून आणली, आता उचगावच्या घरात उचलून न्हेणार आन् खाटंवर ठेवणार. माझी कंबर गेलीया. अंगणात काढायची म्हटली तरी दुसरं माणूस लागतंय. निरोप कसला देताय? कालिजात चाललीय व्हय ती? तिला तरी इचारलं का कुणी?"

कुणीच विचारलं नव्हतं. मॅडमनीसुद्धा.

त्या व्यासपीठावरून खाली उतरून माझ्यासमोर बसल्या. "सदफ, तुला घरी राहायचंय?"

डोळे मिटले.

"मग इथं? शाळेतच?"

सगळ्यांना उत्तर माहीत होतं. अंबूबाईंनी पदर डोळ्यांना लावलासुद्धा.

सदफनं डोळे मिटले.

मॅडमकडे विचारायला तिसरी जागाच नव्हती. सदफची पाठ माझ्याइतकी कुणाला कळत नाही. नको असलं की ती सैल पडते आणि हवं असलं की ताठ होते. त्या वेळी ती माझ्यावर अशी ताठ रेटली होती, की पट्टा ताणला गेला. तिला काहीतरी हवं होतं. पेढे तसेच राहिले. सलमानं लेकीला उचललं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा ती परत येणार नाही हे ठाऊक असताना मी रिकामी झाले.

सगळे गेल्यावर मॅडम माझ्याजवळ जमिनीवर बसून राहिल्या. "दोनच जागा दाखवल्या आम्ही तिला," एवढंच म्हणाल्या.

आज सकाळी शाळा भरायच्या आधी त्यांनी दारात रिक्षा आणली. आण्णा आडवे आले. "खुर्ची शाळेची हाय, मॅडम. उद्या दुसरं पोर येईल."

"त्याच्या मापाची त्याला करू, आण्णा. ही सदफच्या पाठीवर बेतलेली आहे."

आत्ता मी इकबालभाईंच्या दुकानात पाय वर करून उलटी पडलेय. शाळेतला रेडिओ आता कानावर येणार नाही. अंबूबाईंचा दम ऐकू येणार नाही. तिथं माझ्या जागी दुसरी खुर्ची येईल, तिला माझा आशीर्वाद. तुम्हाला एकच विनवणी. कधी कुणी मला घेऊन तुमच्या दारात थांबलं, तर माझ्यामागच्या माणसाशी बोलू नका. माझ्यात बसलेल्या पोरीशी बोला, आणि उत्तर येईपर्यंत तिच्या डोळ्यांकडे बघत थांबा.

"करायचं काय, ताई?" इकबालभाई माझे पाय चाचपत मॅडमना विचारतात.

"चाकं बसवा. उचगावच्या रस्त्यावर टिकतील अशी."

"आन् जायचं कुठं?"

"रोज शाळा सुटली की मी उचगावला येणार. सदफला घेऊन गावभर फिरणार. गिरणी, बाजार, शिलाईचं दुकान, शेजारणींची दारं. प्रत्येक ठिकाणी थांबायचं आणि तिला विचारायचं, इथं यायचं का रोज?"

"आन् तिनं डोळं मिटलं तर?"

"तर पुढच्या गल्लीत."